पोरीजवळ कोण झोपतं?

"ताई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो. मुलगा आणि सून हैदराबादला नोकरीला आहेत. नातू तेरा वर्षांचा, नात दहाची. गेल्या मे महिन्याच्या शेवटी नात एकटीच विमानानं आमच्याकडं निघाली. आम्ही दोघं उजळाईवाडीला विमानतळाबाहेर उभे. विमानाचा आवाज ऐकला, पण ढग एवढे खाली आलेले की ते उतरलंच नाही. घिरट्या घालून परत हैदराबादला गेलं. मुलगा तिला सोडून ऑफिसात पोचला होता, मीटिंगमध्ये फोन बंद. पोरगी तीन तास विमान कंपनीच्या एका मुलीजवळ बसून. आता दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही नातवंडांना पाठवायचं म्हणतात. मुलगा म्हणतो, कंपनी जादा पैसे घेते, जबाबदारी तिची, आणि आता भाऊ बरोबर आहे. आमच्या घरात म्हणणं असं की विमानाचं नावच काढू नका. मला एकच कळत नाही. त्या दिवशी विमान बेळगावला नाहीतर गोव्याला नेलं असतं आणि रात्र तिथंच काढायची पाळी आली असती, तर पोरीजवळ कोण झोपलं असतं?"

दादा, इतका सरळ प्रश्न कस्टमर केअरला विचाराल तर 'मुलांची सुरक्षितता हेच आमचं प्राधान्य' एवढं ऐकून फोन ठेवावा लागेल. मी बावीस वर्षं मुंबईच्या विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काढली, म्हणून उत्तर आधी देते आणि बाकीचं मागून सांगते. त्या रात्री बहुधा कुणीच झोपलं नसतं. ड्युटीवरची एखादी मुलगी तिच्याशेजारी खुर्चीत बसून राहिली असती, आणि तुम्ही गाडी काढून कागल, निपाणी, तवंदी घाट करत रात्री कधीतरी बेळगावला पोचला असता. पोचला असता, हे यातलं महत्त्वाचं. विमान तुम्हाला दोन-अडीच तासांत गाठता येणार नाही अशा गावी उतरलं असतं, तर गोष्ट वेगळी होती.

तुम्ही एस.टी.तले, तेव्हा तुम्हाला हे समजायला सोपं जाईल. सी.बी.एस.वर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, कंडक्टरच्या ओळखीनं पोरगं गाडीत बसवून द्यायचे ते दिवस तुम्ही पाहिलेत. "मामा येईल स्टँडवर, त्याच्याच हातात द्या." कंडक्टर पोराला पुढच्या सीटवर बसवायचा आणि मामा दिसला की उतरवायचा. त्यात कागद नव्हता, पावती नव्हती, पण ताबा कुणाचा हे दोघांनाही ठाऊक होतं. विमानातली सेवा मुळात हीच, फक्त कागद भरपूर. ५ ते १२ वर्षांच्या एकट्या मुलासाठी आपल्याकडच्या विमान कंपन्या ही सेवा देतात, तिचे वेगळे पैसे घेतात, फॉर्म भरून घेतात. सोडायला कोण आलं, घ्यायला कोण येणार, त्यांचे फोन, ओळखपत्रं, सगळं त्यात असतं. मुलाच्या गळ्यात पाऊच अडकवतात. तिकडं उतरल्यावर फॉर्मवर नाव असलेल्या माणसानं ओळखपत्र दाखवून सही करेपर्यंत मूल कंपनीच्या ताब्यात. नाव नसलेला सख्खा काका आला तरी देत नाहीत, आणि देऊही नये.

म्हणजे चिरंजीव म्हणतात ते अर्धं खरं आहे. जबाबदारी कंपनीचीच. पण पैसे कशाचे घेतले, तर दारापासून सीटपर्यंत आणि सीटपासून पुढच्या दारापर्यंत मूल नेऊन सोडायचे. विमान वेळेवर चाललं तर हे काम चोख होतं, मी स्वतः शेकड्यानं केलंय. प्रश्न येतो ते वेळ मोडल्यावर. ढगांमुळं विमान दुसरीकडं उतरलं की लोकांना वाटतं, हवा सुधारली की लगेच उडेल. तसं होतच असं नाही. वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या ड्युटीचे तास नियमानं बांधलेले असतात. तास संपले की ती माणसं ते विमान पुढं नेऊ शकत नाहीत. बदली क्रू छोट्या गावात ठेवलेला नसतो. शिवाय लहान विमानतळांच्या कामाच्या वेळाही ठरलेल्या असतात, रात्री तुमच्यासाठी कुणी दिवे लावून बसत नाही. ज्या हवाई सुंदरीच्या भरवशावर मूल विमानात बसवलं, तीही ड्युटी संपली म्हणून हॉटेलवर जाते. मूल हातातून हातात सरकत राहतं. सकाळी एक ताई, दुपारी दुसरी, रात्री तिसरी. कागदावर ताबा कंपनीचा, पण मुलाला कंपनी दिसत नाही, दर चार तासांनी नवा चेहरा दिसतो.

नियम काय सांगतात तेही थोडक्यात सांगते, कारण चिरंजीव नियमांवर बोट ठेवणार. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणं छोट्या पल्ल्याची फ्लाइट दोन तासांपेक्षा जास्त रखडली तर खाणं-पिणं द्यायचं. उशीर सहा तासांवर जाणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, प्रवासी म्हणेल ते. रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यानची फ्लाइट सहा तासांपेक्षा जास्त लांबली, किंवा उशीर २४ तासांच्या पलीकडं गेला, तर मोफत हॉटेल आणि तिथवर गाडी. वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली तर उड्डाणाला लागणाऱ्या वेळेप्रमाणं ५ ते १० हजारांपर्यंत भरपाई, पण हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणासाठी ती नाही. हे सगळं मोठ्या माणसाच्या मापानं शिवलेलं आहे. हॉटेलचं कूपन दहा वर्षांच्या पोरीच्या हातात देऊन काय होणार? तिला कूपन नको, माणूस पाहिजे. अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्या आपल्या अटींतच लिहितात की अडकलेल्या मुलाच्या राहण्याची, जेवणाची आणि देखरेखीची सोय त्या करतील. तरी त्यांनीही दिवसाच्या शेवटच्या जोडफ्लाइटवर (मध्ये विमान बदलून घ्यायच्या फ्लाइटवर) एकट्या मुलाला घ्यायचं नाही असं ठरवून ठेवलंय. रात्र सांभाळण्यापेक्षा रात्र येऊच न देणं सोपं, हे त्यांनाही कळतं.

आता माझी एक रात्र सांगते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. विमानतळ बंद पडला, रस्ते बुडाले, मोबाईल मेले. आमच्या कंपनीकडं (नाव सांगत नाही) एक नऊ वर्षांचा मुलगा बंगळुरूला जायला आला होता. आईवडील त्याला काउंटरवर देऊन, फॉर्मवर सही करून लगेच निघून गेले होते. फ्लाइटला उशीर आहे असं आम्ही सांगितलेलं, तरी गेले, कारण पाऊस वाढत होता आणि त्यांना अंधेरीला पोचायचं होतं. ते कुठल्यातरी पुलावर गाडीत अडकले, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री आम्हाला एवढंच माहीत होतं की फॉर्मवरचे दोन्ही मोबाईल लागत नाहीत.

मी त्याच्याजवळ बसले. बिस्किटं दिली, माझी शाल दिली. गप्पा मारल्या. मध्ये मध्ये उठून काउंटरवर जावं लागायचं, कारण समोर शेकडो माणसं ओरडत होती. दर वेळी सांगून जायची, "इथंच बस हं, हलू नकोस." पोरगं शहाणं, हललं नाही. पहाटे पाचच्या सुमाराला मला दिसलं की तो रडत नाहीये, पण पाय आवळून बसलाय, तोंड लाल झालेलं. संध्याकाळपासून तो लघवीला गेला नव्हता. आईनं सांगितलं होतं कुठं जाऊ नकोस, मीही सांगितलं हलू नकोस, आणि त्यानं दोघींचं ऐकलं. मी त्याला विचारलंच नव्हतं. खाणं विचारलं, पाणी विचारलं, झोप आली का विचारलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेल्या चुकांत ही एक अजून सलते.

त्याला सोडवलं कुणी, तर त्याच्या मामानं, आणि तोही मुंबईत नव्हता. पोराला साताऱ्याच्या मामाचा लँडलाइन नंबर तोंडपाठ होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत तो तिकडूनच आईला फोन लावायचा म्हणून. शहरातल्या शहरात फोन लागत नव्हते, पण पहाटे कधीतरी बाहेरगावची ती एक लाइन लागली. त्याच मामाला त्याच्या बापानंही कुठल्यातरी दुकानातून फोन केलेला होता. दोन्हीकडचे निरोप साताऱ्यात जुळले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, फॉर्मवर एक नंबर तिसऱ्या गावचा टाका. जिथं पाऊस नाही, धुकं नाही, संप नाही आणि जिथला माणूस घरात असतो. तुमच्या बाबतीत तो नंबर पुण्यातल्या कुणा नातेवाईकाचा असू शकतो. नुसत्या आजी-आजोबांचा नको, कारण तुम्ही दोघं त्या वेळी विमानतळाच्या दारात आभाळाकडं बघत उभे असणार.

मे महिन्यात तुमच्याकडं जे झालं त्यात विमानाची चूक नव्हती. ढग खाली असताना वैमानिक उतरला नाही, यासाठी त्याचे आभार माना. कंपनीच्या त्या मुलीनंही पोरीला सोडलं नाही. चूक झाली ती घरची. मूल आत गेलं म्हणजे आपलं काम संपलं असं चिरंजीवांना वाटलं. विमान जमिनीवरून उठेपर्यंत सोडणाऱ्यानं विमानतळ सोडायचा नसतो, हे बहुतेक कंपन्या लिहून देतात आणि फार थोडे वाचतात. मी तर पुढचं सांगते. विमान तिकडं टेकून पोरगी तुमच्या हातात आल्याचा फोन येईपर्यंत सोडणाऱ्याचा मोबाईल चालू आणि चार्ज केलेला पाहिजे. हैदराबाद–कोल्हापूर उडायला तास-सव्वा तास. तेवढा वेळ मीटिंग थांबते.

आता भावाचा मुद्दा. तुमच्या मुलाला वाटतं तेरा वर्षांचा भाऊ बरोबर आहे म्हणजे काळजी मिटली. दादा, मला याचीच जास्त काळजी वाटते. १२ पूर्ण झाले की बहुतेक कंपन्यांच्या हिशेबी तो पूर्ण तिकिटाचा साधा प्रवासी. त्याच्या गळ्यात पाऊच नाही, त्याच्यासाठी कुणाची सही नाही. फ्लाइट रद्द झाली तर पन्नास मोठ्या माणसांबरोबर त्याच्याही हातात हॉटेलचं कूपन येऊ शकतं. आणि हॉटेलं अठराच्या आतल्या पोराला एकट्याला खोली द्यायला कचरतात, ते बरोबरच आहे. वरून दहा वर्षांच्या बहिणीला सांभाळायचं ओझं त्याच्यावर. मिसरूड फुटायच्या वयाचा मुलगा, त्याला घाबरल्याचं सांगताही येणार नाही. म्हणून बुकिंग करताना दोघांची वयं सांगून विचारा की मुलगी एकटी धरली जाईल का, आणि मुलाला पैसे भरून तीच सेवा मिळेल का. उत्तर ई-मेलवर मागा. मिळत असेल तर दोघांसाठी घ्या. मुलगा नाक मुरडेल, मुरडू दे.

वहिनींना माझा निरोप द्या की विमानाचं नाव काढायला हरकत नाही, फक्त संध्याकाळच्या विमानाचं काढू नका. सकाळची थेट फ्लाइट घ्या. सकाळचं विमान परत फिरलं तर पुढं अख्खा दिवस हातात असतो, आईबाप जागे असतात, दुसरी व्यवस्था होते. संध्याकाळचं फिरलं की पुढं रात्रच. मुंबईला नाहीतर बंगळुरूला उतरून विमान बदलायचं, असलं तिकीट दोनशे रुपयांनी स्वस्त मिळालं तरी नको. मधल्या गावात तुमचं कुणी नाही. तारखाही बघा. सुट्टी लागल्या दिवशीचं तिकीट महाग असतं आणि त्या दिवशी एक फ्लाइट रद्द झाली तर पुढच्या दोन दिवसांत सीट मिळत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये क्रूच्या तासांचं गणित चुकलं आणि देशभर हजारो फ्लाइट रद्द झाल्या, तेव्हा ढग नव्हते की धुकं नव्हतं. लोक आपल्या बॅगा शोधत विमानतळावर जमिनीवर झोपले होते. तशा गर्दीत ड्युटी मॅनेजरला तुमच्या पोरीसाठी एक माणूस वेगळा काढायचा असतो. तो काढतोही, पण किती वेळ पुरवणार?

फॉर्मवर घेणाऱ्याच्या जागी एकच नाव पुरत नाही. जास्तीची नावं टाकता येतात का ते विचारून घ्या. तुमच्या बरोबरीनं बेळगावला ओळखीचं कुणी असेल तर त्याला आधीच फोन करून ठेवा की अमुक तारखेला सकाळी ओळखपत्र घेऊन तयार राहा. सीमाभागात नातंगोतं नाही असं कोल्हापूरचं घर मला दाखवा. पुण्यालाही तसंच. ऐनवेळी नाव बदलायचं तर ज्यानं बुकिंग केलं त्यानंच कंपनीला कळवावं लागतं, म्हणून पुन्हा तेच, चिरंजीवांचा फोन चालू हवा.

तरीही समजा रात्र आलीच आणि कुणी पोचू शकत नाही. अशा वेळी फोनवर ओरडू नका, ड्युटी मॅनेजरचं नाव विचारा. पोरीजवळ आत्ता कोण आहे तिचं नाव विचारा, आणि तिची शिफ्ट कधी संपते ते विचारा. शिफ्ट संपताना पुढची कोण येणार आणि ती आल्यावर पोरीशी व्हिडिओ कॉल करून देणार का, हे ठरवून घ्या. पोरीजवळ बाईच हवी, हे स्पष्ट सांगा, यात लाजायचं काही नाही. हॉटेलवर नेतो म्हणाले तर कोण कोण जाणार ते विचारा. एक पोरगी आणि एक अनोळखी मोठं माणूस, बंद खोली, याला माझा साफ नकार आहे, मग ते माणूस कितीही सज्जन असो. दोघी स्टाफ असतील तर ठीक. नाहीतर विमानतळावर उजेडात, कॅमेऱ्याखाली, सुरक्षा जवानांच्या पहाऱ्यात खुर्चीवर आडवी झालेली पोरगी मला जास्त सुरक्षित वाटते. पाठ दुखेल. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी झोपेल.

आणि पोरीला काय शिकवायचं? आईचा, बापाचा आणि तिसऱ्या गावचा, असे तीन नंबर पाठ. मोबाईलमध्ये असले तरी पाठ. कागदावर लिहून खिशात, बॅगेत नव्हे, कारण बॅग वरच्या कप्प्यात जाते. घरचा एक परवलीचा शब्द ठरवा, तुमच्या म्हशीचं नाव चालेल. "बाबांनी पाठवलंय" म्हणून कुणी आलं तर शब्द विचारायचा. शेजारच्या सीटवरच्या प्रेमळ काकूंबरोबरही कुठं जायचं नाही. आणि लघवीला जायचं असेल तर सांगायचं, मोठ्यानं सांगायचं, कुणी 'हलू नकोस' म्हटलं असलं तरी. हे शेवटचं तिच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या. बरोबर एक स्वेटर, पाण्याची बाटली, दशमी किंवा शंकरपाळी, रोजचं औषध असेल तर ते, चार्जर. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, सामानात टाकू देत नाहीत.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, त्यापेक्षा मीच जाऊन आणतो. त्यात काहीच वाईट नाही. रात्रीच्या बसनं हैदराबाद गाठायचं, एक दिवस मुलाकडं राहायचं, येताना नातवंडांबरोबर विमानानं. तुमचा गुडघा परवानगी देत असेल तर पहिल्या खेपेला मी हेच करीन. नातवाला शेजारी बसवून काउंटर, सिक्युरिटी, बोर्डिंग त्यालाच करू द्या, तुम्ही नुसतं मागं उभं राहा. पुढच्या वेळचा निर्णय मग तुम्हाला डोळ्यांनी बघून घेता येईल.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात कुठंच नाही. मुलगा काय म्हणतो ते आहे, वहिनी काय म्हणतात ते आहे, तुमची काळजी आहे. पण मे महिन्यात ते तीन तास जिनं काढले ती काय म्हणते? कदाचित तिला त्या ताईनं मोबाईलवर गेम खेळू दिला असेल आणि तिला मजा आली असेल. कदाचित तिनं घरी कुणालाच काही सांगितलं नसेल. रविवारी फोनवर येईल तेव्हा आईबाप जवळ नसताना तिला विचारा, आणि ती बोलून झाल्यावर लगेच समजावायला जाऊ नका. तिकीट त्यानंतर काढा.